ठसा कुणाचा, नाव कुणाचं?

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो. गुन्हेगार ओळखण्यासाठी बोटांच्या ठशांचं वर्गीकरण करणारी पद्धत कोणती? उत्तर : हेन्री पद्धत. एक मार्क. पुढचा प्रश्न.

या एका मार्काशी माझं भांडण आहे. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे एक गोष्ट अंगात मुरली आहे. एका मुलानं गणित सोडवायचं आणि दुसऱ्यानं वहीच्या कव्हरवर आपलं नाव घालायचं, हे चालू द्यायचं नाही. पण कायद्याच्या आणि पोलिसांच्या इतिहासात नेमकं हेच झालं आणि शंभर वर्षं आपण ते घोकत बसलो. बरं, भांडण नुसतं नावापुरतं असतं तर मी एवढं लिहायला बसले नसते. नाव कुणाचं लागलं आणि अंगठा कुणाचा घेतला गेला, हे दोन प्रश्न एकमेकांना चिकटलेले आहेत. एक सोडवायला गेलं की दुसरा बरोबर येतो.

सुरुवातीपासून सांगते.

साल १८५८. सत्तावन्नचं बंड नुकतंच शमत होतं. बंगालमध्ये जंगीपूर नावाच्या गावी विल्यम हर्शेल हा तरुण इंग्रज अधिकारी होता. युरेनसचा शोध लावणाऱ्या हर्शेलचा हा नातू. रस्त्यासाठी खडी पुरवायचा करार त्यानं राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी केला आणि कागदावर सही घेण्याऐवजी कोनाईच्या सबंध पंजाला शाई लावून त्याचा ठसा मागच्या बाजूला उमटवून घेतला. का? तर उद्या हा माणूस ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणेल, त्याला जरा धाक बसावा म्हणून. हे हर्शेलनंच पुढे १९१६ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय.

म्हणजे पहिल्याच ठशाच्या मुळाशी काय आहे? अविश्वास. समोरचा माणूस खोटं बोलणारच, हे आधीच गृहीत धरलेलं. कोनाईनं खोटेपणा केला होता असं कुठेही नोंदलेलं नाही. त्याला तेव्हा काय वाटलं, हेही कुणी लिहून ठेवलं नाही. त्याचा पंजा मात्र जगभरच्या पुस्तकांत छापलेला आहे.

हर्शेलला मी नावं ठेवत नाही. माणूस चिकाटीचा होता. स्वतःच्या बोटांचे ठसे त्यानं तरुणपणी घेतले आणि पुन्हा म्हातारपणी घेतले. रेषा बदलत नाहीत, हे त्यानं स्वतःवरच सिद्ध करून दाखवलं. १८७७ साली हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्यानं पेन्शन वाटताना, दस्त नोंदताना आणि तुरुंगात ठसे घ्यायला सुरुवात केली. वरिष्ठांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. तोही लवकरच मायदेशी परतला.

त्याच सुमाराला तिकडे टोकियोत हेन्री फॉल्ड्स नावाचा स्कॉटिश डॉक्टर इस्पितळ चालवत होता. ऑक्टोबर १८८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्याचं पत्र छापून आलं. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या ठशांवरून गुन्हेगार शोधता येईल, असं त्यानं त्यात लिहिलं होतं. त्या पत्रातली एक बारीकशी गोष्ट मला फार मोलाची वाटते. पांढऱ्या भिंतीवर कुणीतरी चढलं होतं आणि तिथे काजळीचे ठसे उमटले होते. ते ठसे संशयिताचे नाहीत, हे दाखवायला उपयोगी पडले, असं फॉल्ड्स लिहितो. म्हणजे माणसाला अडकवायच्या आधी ठशानं माणसाला सोडवलं होतं! हे पुढे सगळेच विसरले.

मग आले फ्रान्सिस गॉल्टन. १८९२ साली त्यांनी ठशांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. कमान, शंख आणि चक्र असे तीन प्रकार पाडले. (नावं मराठी, पण प्रकार तेच. आपल्या आज्या मुलांची बोटं हातात घेऊन शंख किती आणि चक्रं किती ते मोजायच्या आणि दहाही चक्रं निघाली तर राजयोग सांगायच्या. गॉल्टनच्या कितीतरी आधीपासून!) त्याच वर्षी अर्जेंटिनात दोन लहान मुलांचा खून झाला. संशय शेजाऱ्यावर होता. पण दारावरचा रक्ताळलेला अंगठा निघाला खुद्द आईचा, फ्रान्सिस्का रोहासचा. तिथे हुआन वुसेटिच यांनी वर्गीकरणाची आपली वेगळी पद्धत बसवली होती. दक्षिण अमेरिकेत पुढे तीच पसरली.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. ठसा ओळखता येतो हे सगळ्यांना कळलं होतं. पण लाखभर माणसांचे ठसे कपाटात असताना नेमका हवा तो कसा काढायचा? आडनावांची अकारविल्हे यादी करता येते. रेषांची कशी करणार? गॉल्टनचं वर्गीकरण थोड्या ठशांना पुरे पडायचं, ढीग वाढला की कोलमडायचं. फ्रान्सच्या बेर्तियाँची पद्धत होती ती अंगाची मापं घेण्याची. डोकं, हात, पाय, बोटं, अशी अकरा मापं. मापं घेणारा बदलला की मापंही बदलायची.

एडवर्ड हेन्री १८९१ मध्ये बंगालचे पोलीस महानिरीक्षक झाले. त्यांनी आधी ही मापंच सुरू केली होती. मग ठशांकडे वळले. त्यांना गणित येणारा माणूस हवा होता. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात तो मिळाला. काझी अझीझुल हक, खुलना जिल्ह्यातला विशी उलटलेला मुलगा. हेन्रींनी त्याला सबइन्स्पेक्टर म्हणून घेतलं. दुसरे हेमचंद्र बोस, नदिया जिल्ह्याचे. तेही पोलिसांतच होते.

हक यांनी जे केलं ते पाचवी-सहावीतल्या मुलालाही समजेल, म्हणून फळ्यावर लिहिल्यासारखं सांगते.

दहा बोटं. त्यांच्या ओळीनं पाच जोड्या करा. प्रत्येक बोटाला एकच प्रश्न विचारा : चक्र आहे की नाही? एका जोडीत चारच शक्यता. दोन्हींवर चक्र, पहिल्यावर, दुसऱ्यावर, किंवा कुठेच नाही. पाच जोड्या, म्हणून चार गुणिले चार असं पाच वेळा. उत्तर १०२४. म्हणजे १०२४ खण! पहिल्या जोडीतल्या चक्राला १६ गुण, दुसरीतल्याला ८, मग ४, २ आणि १. जोडीतल्या एका बोटाचे गुण वर, दुसऱ्याचे खाली. दोन्हींत एकेक मिळवा, की अपूर्णांक तयार. एकही चक्र नाही, तर एक छेद एक. दहाही चक्रं, तर बत्तीस छेद बत्तीस. बत्तीस ओळी आणि बत्तीस रांगांचं कपाट करा आणि सरळ त्या खणाकडे जा. आज्जीचा राजयोगवाला मुलगा शेवटच्या खणात सापडेल!

आहे की नाही सुंदर? कसलं महागडं यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. एक लाकडी कपाट आणि दोन-चारचा पाढा. बोस यांनी याच्या पुढचं काम केलं. खणांचे पोटविभाग केले आणि ठशाचं वर्णन तारेनं दूरच्या ठाण्याला कळवता यावं म्हणून सांकेतिक पद्धत बसवली.

१८९७ साली सरकारनं स्ट्राहन आणि पेडलर या दोघांची समिती नेमली. त्यांनी पसंती दिली आणि जूनमध्ये मंजुरी मिळाली. कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला तो त्याच वर्षी. स्कॉटलंड यार्डात तो सुरू व्हायला १९०१ उजाडलं. कलकत्ता आधी, लंडन नंतर. हे मी अभिमानानं सांगत नाही, क्रम म्हणून सांगते. का, ते पुढे येईलच.

१९०० साली हेन्रींचं पुस्तक निघालं. पद्धत झाली ‘हेन्री पद्धत’. हेन्री लंडनच्या पोलिसांचे कमिशनर झाले, ‘सर’ झाले. हक आणि बोस इथेच राहिले. नोकरीत चढत गेले. उतारवयात त्यांनी सरकारकडे आपल्या कामाची दाद मागितली, तेव्हा खानबहादुर आणि रायबहादुर या पदव्यांपलीकडे काही मानधन मिळालं. हक यांनी अखेरचे दिवस बिहारमध्ये मोतीहारीला काढले आणि १९३५ साली तिथेच वारले.

यावर नेहमीचं उत्तर असं येतं की अहो, खात्याचा प्रमुख हेन्री, कल्पना त्यांची, माणसं नेमली त्यांनी, लंडनपर्यंत पद्धत नेली त्यांनी. मग नाव त्यांचंच लागणार. ठीक. कारभार त्यांचा होता हे मी नाकारत नाही. पण खुद्द हेन्रींनी काय केलं ते बघा. १९२६ साली, म्हणजे पुस्तक निघून पंचवीसेक वर्षं झाल्यावर, त्यांनी लेखी कळवलं की या वर्गीकरणात आपल्या हाताखालच्या सगळ्यांपेक्षा अधिक वाटा हक यांचा होता. साहेबानंच मान्य केलं. मग आपण कुणासाठी अडून बसलोय? २००५ साली दिल्ली विद्यापीठाच्या सोधी आणि कौर या दोन अभ्यासकांनी ‘करंट सायन्स’मध्ये या विस्मृतीत गेलेल्या दोघांविषयी लेख लिहिला. ज्या इंग्लंडनं नाव घेतलं, तिथल्या ठसेतज्ज्ञांच्या संस्थेनंही पुढे या दोघांच्या नावानं पारितोषिक ठेवलं. आपल्या प्रश्नसंचात मात्र अजून हेन्रीच.

इथपर्यंत वाचून काही मंडळी खूश झाली असतील. मुलगा हा मजकूर लगेच घरच्या ग्रुपवर टाकेल आणि वर झेंड्याचं चित्र लावेल : बोटांच्या ठशांचं शास्त्र भारतीयांनी जगाला दिलं!

जरा थांबा. शोध इथे का लागला, हे विचारल्याशिवाय अभिमान बाळगू नका.

लंडनच्या आधी कलकत्त्यात हे घडलं, कारण लंडनच्या रस्त्यावरच्या सभ्य माणसाचा हात धरून शाईत बुडवायची सोय नव्हती. इथे होती. साहेबाला आपले चेहरे सारखे वाटायचे, नावं कळायची नाहीत, आणि आपण मुळातच लबाड आहोत असा त्यांचा समज होता. १८७१ साली ‘गुन्हेगार जमाती’ कायदा झालेला होता. सबंध जमात जन्मानंच गुन्हेगार! आईच्या पोटातून चोर होऊन यायचं. १९११ साली हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि त्याच वेळी नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे कधीही घ्यायची मुभा अधिकाऱ्यांना मिळाली. त्यासाठी चोरी करावी लागत नव्हती. जन्माला येणं पुरेसं होतं. आपल्या सोलापूरला अशा लोकांची सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणात, हजेरी लावत पिढ्या गेल्या. १९५२ साली कायदा देशभरातून रद्द झाला, पण तो शिक्का किती खोल गेला होता हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचावं.

आणि इथे एक मोठी गंमत आहे. गॉल्टन हा वंशशुद्धीचं खूळ काढणारा माणूस. त्याला वाटलं होतं, ठशांच्या रेषांत वंशाची खूण सापडेल, उच्च-नीच दिसेल. त्यानं पुष्कळ शोधलं. काही सापडलं नाही. रेषांनी भेद केला नाही. तो माणसांनी केला. ठसा कुणाचा घ्यायचा, इथेच तो केला.

हे सगळ्यात आधी कुणी नीट ओळखलं असेल तर गांधीजींनी. दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या सरकारनं सगळ्या हिंदी लोकांनी दहाही बोटांचे ठसे द्यावेत असा वटहुकूम काढायचं ठरवलं. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत लोकांनी तो न पाळण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाची सुरुवात तिथून. गांधीजींनी काय केलं असेल? हेन्रींचं पुस्तक मिळवून वाचलं! त्यातून त्यांना कळलं की कायद्यानं ठसे मागितले जातात ते फक्त गुन्हेगारांचे. म्हणजे सरकार सबंध समाजाला न बोलता गुन्हेगार ठरवत होतं. पुढे १९०८ मध्ये तडजोड झाली, तेव्हा गांधीजींनी आपण होऊन ठसे दिले आणि त्यापायी आपल्याच माणसांचा मारही खाल्ला. लोकांना हे कोडं वाटलं. मला वाटत नाही. शाईला त्यांचा विरोध नव्हताच. सक्तीला होता, आणि त्यामागच्या संशयाला होता. सरकारनं शब्द फिरवला असं दिसल्यावर ऑगस्टमध्ये दोन हजारांवर परवाने मशिदीसमोर कढईत जाळले गेले.

आता तिसरी गोष्ट. ‘ठसा कधी खोटं बोलत नाही.’ मालिकेतला इन्स्पेक्टर हे म्हणतो आणि आपण मान डोलावतो. अहो, ठसा खोटं बोलत नाही कारण ठसा बोलतच नाही. त्याच्या वतीनं माणूस बोलतो. आणि माणूस चुकतो.

मार्च २००४ मध्ये माद्रिदच्या आगगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. एका पिशवीवर ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयनं संगणकाच्या मदतीनं तो जुळवला ओरेगॉनमधल्या ब्रँडन मेफील्ड या वकिलाशी. तज्ज्ञांनी शंभर टक्के खात्री दिली. मेफील्डनं इस्लाम स्वीकारलेला होता. मे महिन्यात त्याला उचललं. स्पेनचे पोलीस सांगत होते की ठसा जुळत नाही. शेवटी त्यांनी अल्जीरियाचा दुसराच माणूस शोधला, तेव्हा कुठे दोन आठवड्यांनी मेफील्ड सुटला. सरकारनं माफी मागितली आणि २००६ साली वीस लाख डॉलर भरपाई दिली.

स्कॉटलंडमध्ये तर शर्ली मॅकी या पोलीस अधिकारी बाईच अडकल्या. खून झालेल्या घरात १९९७ साली त्यांचा ठसा मिळाल्याचं सरकारी तज्ज्ञांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, मी आत गेलेच नव्हते. उलट खोटी साक्ष दिली म्हणून त्यांच्यावरच खटला भरला. १९९९ मध्ये त्या निर्दोष ठरल्या.

२००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालानं स्पष्ट सांगितलं की बिनचूकपणाचा दावा शास्त्राला धरून नाही. २०१६ च्या दुसऱ्या अहवालात, एका चाचणीच्या आधारे, चुकीच्या जुळणीचं प्रमाण ३०६ मध्ये एक इतकं असू शकतं असं म्हटलंय, आणि दुसऱ्या एका चाचणीच्या आधारे १८ मध्ये एक! शाळेत अठरापैकी एका मुलाला चुकून नापास केलं असतं तर पालकांनी आमचं काय केलं असतं?

यावरून ठसे फेकून द्या असं मी म्हणतेय असा अर्थ काढू नका. फ्रान्सिस्काच्या शेजाऱ्याला फाशीपासून वाचवलं ते ठशानंच. मी एवढंच म्हणते, की ठसा म्हणजे साक्षीदार. न्यायाधीश नव्हे. आणि हा फरक आपल्याच देशातल्या पहिल्यावहिल्या खटल्यात न्यायालयानं पाळला होता! जलपाईगुडीच्या चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. तिथे एका बंगाली पंचांगावर पुसट ठसा सापडला. तो जुळला पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या कांगाली चरण याच्या अंगठ्याशी. १८९८ साली निकाल लागला. चोरीबद्दल शिक्षा आणि खुनातून सुटका. ठशानं तो तिथे होता हे कळलं, सुरा कुणी चालवला हे कळलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी हे तारतम्य होतं.

आता आपल्या आजच्या कायद्याकडे या. १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा कायदा जाऊन २०२२ मध्ये नवा आला. जुन्यात निदान गुन्हा किती मोठा ते बघून मर्यादा होती. नव्यात अटक झालेल्या कुणाचेही ठसे घेता येतात, आणि नुसते ठसेच नव्हे, डोळ्यांची बुबुळं, सही, हस्ताक्षरही. नोंद ठेवायची ७५ वर्षं. सुटलेल्याची नोंद काढून टाकायची तरतूद आहे, पण ती काढली की नाही हे बघायला जायचं कुणी? ज्याच्याकडे वकील नाही त्यानं? हक यांच्या १०२४ खणांच्या जागी आता देशभरचा संगणक आहे. सेकंदात उत्तर देतो. पण त्यात आधी कुणाचे ठसे भरले जातील? ज्यांना आधी उचललं जातं त्यांचेच. चोरी झाली की आधी कुठल्या वस्तीवर गाडी जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही.

आपल्या भाषेत ‘अंगठाबहाद्दर’ ही शिवी आहे. नि. डा. हा. अं., म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा, हे कागदावर दिसलं की कारकुनाचा आवाज बदलतो. ज्यांना सही येत होती ते ठशापासून शंभर वर्षं सुटले. म्हणूनच त्यांना ठशाचा इतिहास हा स्कॉटलंड यार्डातल्या हुशार साहेबाचा इतिहास वाटतो. कोनाईच्या बाजूनं बघितलं की तो वेगळा दिसतो.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, पाठ्यपुस्तकात आणि प्रश्नसंचात ‘हक-बोस-हेन्री पद्धत’ असं लिहा, याच क्रमानं. दोन, ‘ठसा खोटं बोलत नाही’ हे वाक्य न्यायालयात आणि मालिकांत बंद करा. जुळणी करणारा तज्ज्ञ किती वेळा चुकतो, हे विचारायचा आरोपीला हक्क आहे. आणि तीन, निर्दोष सुटलेल्या माणसाचा ठसा त्यानं न मागता पुसला गेला पाहिजे, आणि तसं त्याला लेखी कळवलं पाहिजे.

यातलं पहिलं तर फुकट आहे. एक शाईचं पेन लागेल. घरात कुणा नातवंडाकडे सामान्यज्ञानाचं पुस्तक असेल तर आजच उघडा आणि ‘हेन्री’च्या आधी दोन नावं लिहून द्या. मार्क गेला तर मला सांगा, मी त्याच्या शाळेला पत्र लिहीन.